ट्रेनिंग झालं, पुढे काय? शाळेतल्या काउन्सेलर मंडळींना कोचिंग कसं द्यायचं

शाळेत मुलांच्या मानसिक आरोग्यावर आणि वर्तनावर काम करणारी जी मंडळी असतात ना, म्हणजे काउन्सेलर, सोशल वर्कर, सायकॉलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर, वर्तनाच्या प्लॅनवर मुलासोबत दिवसभर राहणारे सहाय्यक, त्यांच्यासाठी वर्षातून एकदोनदा ट्रेनिंग ठेवायचं आणि मग आता यांना हे येतं असं धरून चालायचं, ही पद्धत जवळपास सगळीकडे दिसते. ट्रेनिंगच्या दिवशी सगळे मन लावून ऐकतात, नोट्स घेतात, प्रश्न विचारतात. मग सोमवारी सकाळी दारात रडणारं मूल, फोनवर चिडलेले पालक आणि वर्गातून पुन्हा बाहेर काढलेला मुलगा असं सगळं एकदम समोर येतं आणि माणूस जुन्या सवयीनेच बोलायला लागतो. यात आळस अजिबात नसतो. नवीन कौशल्य अशा गडबडीत वापरता यायचं असेल तर ते आधी कुणाच्या तरी सोबतीने, शांतपणे, पुन्हा पुन्हा करून बघावं लागतं, आणि ट्रेनिंगच्या हॉलमध्ये त्याला वेळच नसतो.

ही गोष्ट नवीन नाहीये. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी शिक्षकांच्या ट्रेनिंगबद्दल १९८० पासून हेच मांडलं, की माहिती दिली, करून दाखवलं, हॉलमध्ये सरावही घेतला, तरी ते वर्गात उतरायला नंतरची सोबत लागते. काउन्सेलिंगच्या बाजूने विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांचा २००४ चा अभ्यास बघा. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगचं, म्हणजे समोरच्याला न ढकलता त्याच्याच बोलण्यातून बदलाची इच्छा बाहेर आणायच्या संवादपद्धतीचं, वर्कशॉप केलेल्या लोकांचे त्यांनी गट केले, काहींना फक्त वर्कशॉप, काहींना नंतर त्यांच्या सेशनच्या टेपवरून फीडबॅक, काहींना फोनवर कोचिंग, काहींना दोन्ही. नुसतं वर्कशॉप केलेल्यांचं शिकलेलं पुढच्या काही महिन्यांत ओसरत गेलं आणि ज्यांना नंतर फीडबॅक किंवा कोचिंग मिळालं त्यांचं टिकलं. अनुभवाने आपोआप माणूस सुधारतो असंही नाही. २०१६ मध्ये १७० थेरपिस्टची वर्षानुवर्षांची माहिती तपासली गेली, आणि वर्षं वाढली तशी त्यांच्या पेशंटना होणारा फायदा सरासरीत वाढला नाही, उलट अगदी थोडा कमीच झाला.

म्हणून तुम्ही जर सीनियर काउन्सेलर असाल, विभागप्रमुख असाल, किंवा चार-पाच शाळांतल्या टीमची जबाबदारी तुमच्यावर असेल, तर पुढचं ट्रेनिंग बुक करायच्या आधी हे वाचा. माझं ठाम मत आहे की ट्रेनिंगचे दोन दिवस कमी केले आणि तो वेळ कोचिंगला दिला तर मुलांच्या पदरात जास्त पडेल.

आधी हद्द ठरवा

कोचिंग म्हणजे एका माणसाचं एक ठरावीक कौशल्य, त्याच्या प्रत्यक्ष कामात, बघून, बोलून, सराव करून सुधारणं. सुपरव्हिजन त्याहून मोठी गोष्ट आहे. ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८० च्या दशकात सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली ती अजूनही उपयोगी पडतात: काम नियमांत आणि दर्जात बसतंय का ते बघणं, माणसाला शिकवून घडवणं, आणि या कामाचा जो मनावर भार येतो त्यात आधार देणं. कोचिंग मुख्यतः त्यातल्या मधल्या कामात बसतं. बाकीची दोन कामं कोचिंगच्या नावाखाली गुपचूप घुसवली की गोंधळ होतो, विशेषतः पहिलं.

मूल्यमापन करणारा माणूस आणि कोच शक्यतो एक नसावा. जो माणूस माझा वार्षिक रिपोर्ट लिहिणार आहे त्याच्यासमोर मी माझं सगळ्यात कच्चं सेशन का ठेवीन? मी माझं सगळ्यात छान सेशनच दाखवीन, आणि छान सेशनवर कोचिंग करून फारसं काही हाती लागत नाही. छोट्या टीममध्ये दोन वेगळी माणसं मिळणं शक्य नसतं हे मान्य, तिथे निदान बैठका वेगळ्या ठेवा, वह्या वेगळ्या ठेवा आणि आज आपण कोणत्या कामासाठी बसलोय ते दर वेळी तोंडाने सांगा.

सुरुवातीलाच अर्ध्या पानाचा करार लिहून घ्या, साधा, दोघांच्या भाषेत. किती वेळा भेटायचं, कोच काय बघणार, नोंदी कुणाकडे राहणार, मुख्याध्यापकांना काय कळणार (माझ्या मते फक्त एवढंच की कोचिंग चालू आहे आणि कितव्या भेटीपर्यंत आलंय), आणि कोणत्या गोष्टी गोपनीय राहणार नाहीत. शेवटचा मुद्दा बिलकूल गाळू नका. मुलाच्या जिवाला धोका, अत्याचाराचा संशय, व्यावसायिक नीतीचा भंग, यातलं काही दिसलं तर कोच ते वर कळवणार हे पहिल्याच दिवशी स्पष्ट असलं पाहिजे.

एकच कौशल्य, आणि तेही डोळ्यांना दिसणारं

इथे बहुतेक कोचिंग फसतं. "मला मुलांशी नातं अजून चांगलं जोडायचंय" किंवा "क्रायसिस हँडल करणं सुधारायचंय" असं ध्येय घेऊन लोक येतात, भावना प्रामाणिक असते पण यावर काम करता येत नाही कारण ते दिसत नाही, मोजता येत नाही आणि उद्या सकाळी नेमकं काय वेगळं करायचं ते त्यातून कळत नाही. कोचचं पहिलं खरं काम म्हणजे या मोठ्या वाक्याला खाली खाली आणत एका कृतीपर्यंत पोचवणं. विचारत राहा: नातं चांगलं जुळलेलं असतं तेव्हा तुम्ही काय करत असता? मूल काय करत असतं? कॅमेरा लावला तर त्यात काय दिसेल, काय ऐकू येईल?

असं खाली उतरलं की ज्या गोष्टी हातात येतात त्या साधारण अशा असतात. मूल काही बोललं की लगेच पुढचा प्रश्न न टाकता आधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत मांडणं, ज्याला रिफ्लेक्शन म्हणतात. सीबीटीच्या (विचार आणि वर्तन यांवर काम करणारी थेरपी) ग्रुपमध्ये सुरुवातीच्या पाच मिनिटांत आजचा अजेंडा मुलांसोबत ठरवणं आणि मागच्या वेळचा घरचा सराव आठवणीने तपासणं. वर्तनाची नोंद करताना "मुलगा आक्रमक झाला" असं न लिहिता आधी काय घडलं, मुलाने नेमकं काय केलं आणि त्यानंतर काय झालं हे तिन्ही लिहिणं. चेक-इन चेक-आउट (रोज सकाळी आणि शाळा सुटताना मुलाला भेटून दिवसभराचं वर्तन कार्डावर गुणांनी बघायची पद्धत) चालवणाऱ्या सहाय्यकासाठी सकाळच्या भेटीत मुलाचं नाव घेऊन स्वागत, कार्ड हातात देणं आणि आजचं टार्गेट मुलाच्या तोंडून वदवून घेणं (हे टार्गेट बऱ्याचदा दिवसाच्या गुणांच्या ८० टक्के असतं). यातली प्रत्येक गोष्ट मी खोलीत बसून मोजू शकतो, झाली की नाही झाली असं सांगू शकतो, आणि दोन आठवड्यांत त्यात फरक पडू शकतो.

निवड कुणी करायची? शक्यतो त्या व्यक्तीनेच, पण मोकळं सोडून नाही. तुम्ही दोन-तीन पर्याय समोर ठेवा, त्यामागे टीमची गरज आणि मुलांची माहिती असू दे, आणि मग त्यांना निवडू द्या. स्वतः निवडलेल्या गोष्टीवर माणूस घरी जातानाही विचार करतो. आणि एका वेळी एकच, खरंच एकच. दुसरं कौशल्य सुचलं तर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि पहिलं अंगवळणी पडेपर्यंत त्याचा उल्लेखही करू नका.

बघायचं कसं

न बघता केलेलं कोचिंग म्हणजे त्या व्यक्तीला जे आठवतं त्यावर केलेलं कोचिंग, आणि आपल्याच सेशनची आठवण फार फसवी असते. आपण किती बोललो, मुलाला किती वेळा मध्येच तोडलं हे कुणालाच नीट आठवत नाही, तुम्हालाही नाही आणि मलाही नाही.

ग्रुप सेशन, वर्गातलं काम, शिक्षकांसोबतची चर्चा, सकाळचं चेक-इन, इथे जाऊन बसणं सोपं आहे. कोपऱ्यात बसा, मुलांना एका वाक्यात सांगा की मी मॅडमना मदत करायला आलोय, तुम्हाला तपासायला नाही. मिशिगन युनिव्हर्सिटीतून सुरू झालेल्या ट्रेल्स नावाच्या कार्यक्रमात हेच केलं जातं, शाळेतला माणूस मुलांचा सीबीटी ग्रुप चालवतो आणि कोच त्या ग्रुपमध्येच सोबत असतो, गरज पडली तर एखादं कौशल्य करूनही दाखवतो.

वैयक्तिक सेशनला मात्र सांभाळून. मुलाची आणि पालकांची परवानगी, शाळेचे नियम, रेकॉर्डिंग कुठे राहणार आणि कधी पुसणार, हे सगळं आधी लेखी. मूल नाही म्हणालं तर विषय संपला, त्याला पुन्हा विचारायचं नाही, त्याच्या नकाराने नाराज झाल्याचं चेहऱ्यावर दाखवायचंही नाही. मग पर्याय काय, तर रोल-प्ले. तोच प्रसंग, नाव-गाव बदलून, कोच मूल होतो आणि काउन्सेलर काउन्सेलरच राहते. खऱ्या सेशनइतकं नाही पण आठवणीवर चालण्यापेक्षा कितीतरी बरं, आणि सुरुवातीला जी माणसं बुजतात त्यांच्यासाठी तर इथूनच सुरू करावं.

बघताना मत लिहू नका, शब्द लिहा. "छान रॅपो" (म्हणजे सूर छान जुळलाय) असं लिहिलेलं नंतर कुणाच्याच कामाचं नसतं. दहा-पंधरा मिनिटांचा तुकडा घ्या, जमेल तितकं शब्दशः उतरवा, आणि ज्या एका कौशल्यावर काम चाललंय त्याच्या रेघा मारा. रिफ्लेक्शन असेल तर दोन रकाने, प्रश्न किती आणि रिफ्लेक्शन किती. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग मोजायच्या प्रचलित पद्धतीत एका प्रश्नामागे एक रिफ्लेक्शन म्हणजे ठीकठाक आणि दोन म्हणजे चांगलं धरतात, नवीन माणसाचं बहुतेक वेळा प्रश्नांचं पारडं खूप जड निघतं.

फीडबॅकची बैठक, जवळून

निरीक्षणानंतर एक-दोन दिवसांत बसा, आठवडा जाऊ देऊ नका. वीस ते तीस मिनिटं पुरतात. मी एक तुकडा देतो, काल्पनिक आहे पण असंच चालतं. तेरा वर्षांचा मुलगा, शाळा चुकवतो, काउन्सेलर मॅडमसमोर बसलाय. कोचच्या वहीत हे उतरवलेलं आहे:

मुलगा: मला यायचंच नाही शाळेत, सगळे हसतात.
काउन्सेलर: कोण हसतं? कधीपासून चाललंय हे? टीचरना सांगितलंस का?
मुलगा: माहीत नाही.

आता बैठक.

"मॅडम, या दहा मिनिटांतलं तुम्हाला स्वतःला काय बरं वाटलं?"

"तो उठून गेला नाही, एवढंच."

"का थांबला असेल?"

"मी घाई केली नाही बहुतेक. मधे तो गप्प झाला तेव्हा मी पण गप्प बसले."

"मी पण तेच लिहिलंय, ही बघा ती जागा. त्या शांततेनंतर तो स्वतःहून बोलला. आता ही खालची जागा वाचा."

"अरे देवा, तीन प्रश्न एका दमात विचारलेत मी."

"त्यावर तो काय म्हणाला?"

"माहीत नाही म्हणाला. आणि मग बंदच झाला."

"बरं, तो 'सगळे हसतात' म्हणाला तिथे परत जाऊ. प्रश्न न विचारता काय म्हणता येईल?"

"तुला वाईट वाटतं का?"

"जवळ आलात. 'का' काढून टाका आणि आवाज शेवटी खाली येऊ द्या."

"तुला वाईट वाटतं... शाळेत पाऊल टाकलं की सगळ्यांच्या नजरा आपल्यावरच आहेत असं वाटतं तुला."

"आता मी तो मुलगा. पुन्हा म्हणा. ... हो ना, आणि मग सकाळपासूनच पोटात दुखायला लागतं."

"हे तर त्याने मला सांगितलंच नव्हतं!"

"तुमच्या नोंदीत पोटदुखी आहे, पालकांनी सांगितलेली. मी तीच वापरली. पण मुलाच्या जागी बसल्यावर तुमच्या वाक्यानंतर ते सांगावंसं वाटलं, हे खरं. अजून दोनदा करू, वेगळी वाक्यं घेऊन."

या छोट्या तुकड्यात काय काय आहे ते बघा. आधी त्यांना बोलू दिलं. चांगली गोष्ट दाखवली ती नेमकी, वहीतली जागा दाखवून, "तुम्ही छानच करता" असं गुळमुळीत नाही. सुधारायची जागा कोचने सांगितली नाही, त्यांनी स्वतः वाचली आणि त्यांनाच दिसली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढच्या वेळी काय करायचं यावर चर्चा करून उठले नाहीत, तिथल्या तिथे मोठ्याने करून बघितलं.

हा शेवटचा भाग लोक गाळतात. लाज वाटते, रोल-प्ले नाटकी वाटतो, मग "हो कळलं, पुढच्या वेळी करते" वर बैठक संपते. तसं होऊ देऊ नका. वर्तनाच्या क्षेत्रात जुनी आणि भरपूर तपासलेली पद्धत आहे, बिहेवियरल स्किल्स ट्रेनिंग, तिचे चार भाग: सांगा, करून दाखवा, करून घ्या, फीडबॅक द्या, आणि जमेपर्यंत शेवटचे दोन पुन्हा पुन्हा. कोचने आधी स्वतः करून दाखवलं तर समोरच्याचा संकोच निम्मा होतो. अर्ध्या तासाच्या बैठकीत निदान दहा मिनिटं सरावाला गेली नाहीत तर ती बैठक गप्पांची झाली असं समजा.

फीडबॅक दिला की सुधारणा होतेच असंही नाही हे लक्षात ठेवा. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून बघितले, सरासरीत फायदा दिसला पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर काम उलट घसरलं होतं. त्यांचं स्पष्टीकरण असं, की फीडबॅकने माणसाचं लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं, मी कसा आहे, मला काय समजतात इकडे वळलं, की परिणाम कमकुवत होतो. म्हणून "तुम्ही फार प्रश्न विचारता" नाही, तर "या जागी तीन प्रश्न आलेत". वाक्य कामाबद्दल असू दे, माणसाबद्दल नको. कौतुकाच्या बाबतीतही तेच.

विचारायचं कधी आणि सरळ सांगायचं कधी

कोचिंग म्हटलं की ग्रो मॉडेल सगळ्यांना माहीत असतं, जॉन व्हिटमोर यांच्यामुळे १९९० च्या दशकात ते सगळीकडे पोचलं. ध्येय काय, आत्ता परिस्थिती काय, पर्याय कोणते, आणि मग नक्की काय करणार. चांगलं आहे, बैठक भरकटत असेल तर या चार पायऱ्यांवर परत येता येतं. पण कोचने कधी उत्तर द्यायचंच नाही, फक्त विचारायचं, असा जो एक समज पसरलाय तो शाळेत मला अजिबात पटत नाही. पहिल्या वर्षाच्या काउन्सेलरला "तुम्हाला काय पर्याय दिसतात?" असं विचारत बसलात तर तिला पर्याय दिसतच नाहीत आणि आपण परीक्षेला बसलोय असं वाटायला लागतं. नवीन माणसाला दाखवा, करून घ्या, मग विचारा. दहा वर्षं काम केलेल्याला आधी विचारा, कारण त्याच्याकडे उत्तरं असतात, फक्त त्यातलं कोणतं इथे लावायचं ते ठरत नसतं.

आणि जिथे मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे तिथे कोचिंगची भाषा बंद. मूल मरण्याबद्दल बोललं, घरात कुणी मारतं किंवा हात लावतं असं सुचवलं, तर तुमच्याकडे आलेल्या काउन्सेलरला "तुम्हाला काय वाटतं, काय करावं?" असं विचारायचं नाही. प्रोटोकॉल काय आहे ते सरळ सांगायचं, कुणाला फोन करायचा ते सांगायचं, मूल एकटं राहणार नाही याची खात्री करायची, आणि गरज असेल तर उठून सोबत जायचं. कोचिंग त्याच्या आधी करायचं असतं. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठी स्टॅन्ली आणि ब्राउन यांनी बनवलेला सेफ्टी प्लॅन सहा पायऱ्यांचा आहे: धोक्याची चिन्हं, स्वतःच करता येण्यासारखं काय, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, व्यावसायिक मदत आणि क्रायसिस लाइन, आणि घातक गोष्टी दूर करून आजूबाजूचा परिसर सुरक्षित करणं. या सहाही पायऱ्यांचा रोल-प्ले शांत आठवड्यात बसून करून घ्या, विशेषतः शेवटची पायरी, कारण पालकांशी घरातल्या औषधांबद्दल आणि धारदार वस्तूंबद्दल बोलताना भले भले अडखळतात. तोंडात वाक्यं आधीच बसलेली असली की त्या दिवशी ती सापडतात.

"वेळच नाही हो"

हे ऐकू येणारच, आणि बऱ्याचदा ते खरं असतं. अमेरिकेतल्या स्कूल काउन्सेलरांच्या संघटनेची शिफारस एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थ्यांची आहे आणि स्कूल सायकॉलॉजिस्टच्या संघटनेची ५०० ची, प्रत्यक्षात याहून खूप जास्त मुलं सांभाळणारी माणसं तुमच्यासमोर बसलेली असतात. म्हणून पहिल्यांदा ऐकून घ्या. समजूत घालायची, कोचिंगचे फायदे सांगायची घाई झाली की समोरचा माणूस आणखी घट्ट होतो, अगदी मुलं होतात तसाच, आणि मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगमध्ये जे आपण मुलांसाठी शिकवतो तेच इथे स्वतः वापरायचं. "दिवसात श्वास घ्यायला वेळ नाही आणि त्यात हे अजून एक" असं त्यांचं म्हणणं त्यांच्यासमोर मांडा आणि थांबा. बऱ्याचदा पुढचं वाक्य तेच बोलतात, की तसं त्या अमुक मुलाबद्दल मला कुणाशी तरी बोलायचंच होतं.

मग वेळ छोटा ठेवा. पंधरा दिवसांतून एक निरीक्षण आणि एक बैठक, वेळापत्रकात आधीच छापलेली, दर वेळी "कधी जमेल?" विचारत बसायचं नाही. मधल्या आठवड्यात दोन ओळींचा मेसेज. त्यात मुलाचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही नको, फक्त "रिफ्लेक्शन वापरलं का, काय झालं" एवढंच.

आणि जर कोचिंग करताना लक्षात आलं की अडचण कौशल्याची नाहीच, एका माणसावर तिघांचं काम टाकलंय, परीक्षेच्या ड्युट्या लावल्यात, बंद दाराची एक खोलीसुद्धा दिलेली नाही, तर ते व्यवस्थापनाला सांगणं ही तुमची जबाबदारी आहे. त्या माणसाला सेल्फ-केअरचा सल्ला देऊन परत पाठवणं अन्याय आहे. तसंच, एखाद्या मुलाच्या प्रसंगाने काउन्सेलर स्वतः हादरली असेल तर त्या दिवशीची रेघांची वही मिटा, ऐका, आणि तिला सुपरव्हिजन किंवा स्वतःची थेरपी लागणार असेल तर तसं प्रेमाने सांगा. तिचे तुम्ही थेरपिस्ट नाही.

शिक्षकांसोबतचं काम विसरू नका

शाळेतल्या या मंडळींचा मोठा वेळ मुलांपेक्षा मोठ्यांशी बोलण्यात जातो. वर्गशिक्षक येतात आणि म्हणतात, याचं काहीतरी करा. इथे तुमचा काउन्सेलर स्वतः कोच होतो, म्हणून हे कौशल्य वेगळं घ्या. काउन्सेलरने सल्ल्यांची यादी देण्याऐवजी शिक्षकाला एक गोष्ट निवडायला मदत केली का, वर्गात जाऊन बघितलं का, पुन्हा विचारायला गेली का, या तीन गोष्टी बघा. नेमकं कौतुक हा चांगला पहिला विषय आहे, म्हणजे "शाब्बास" ऐवजी "प्रश्न संपेपर्यंत थांबलास आणि मग हात वर केलास, हे छान झालं". सोपं वाटतं, पण चीड आणणाऱ्या मुलाबाबत शिक्षकाच्या तोंडून ते निघणं अवघड असतं, आणि सराव करूनच निघतं.

फरक पडतोय का

पहिल्या निरीक्षणातले आकडे जपून ठेवा, सहा आठवड्यांनी तेच कौशल्य, तेवढाच वेळ, त्याच रकान्यांत पुन्हा मोजा. सीबीटीवर काम चालू असेल तर थेरपिस्टचं कौशल्य मोजायची यंग आणि बेक यांची १९८० पासूनची रेटिंग स्केल आहे, ११ मुद्दे, प्रत्येकी ० ते ६, एकूण ६६, आणि ४० गुण बऱ्याच ठिकाणी पुरेशा कौशल्याची खूण मानतात. पण शाळेतल्या वीस मिनिटांच्या सेशनला ती अख्खी लावू नका, दोन-तीन मुद्दे उचला. आणि मुलाच्या बाजूनेही काहीतरी बघा, हजेरी, वर्गातून बाहेर काढल्याच्या नोंदी, किंवा सेशन संपताना मुलालाच एक प्रश्न, आज तुझं ऐकलं गेलं असं वाटलं का.

मोठ्या प्रमाणावर करताना सांभाळा. शिक्षकांच्या कोचिंगवरचे ६० अभ्यास २०१८ मध्ये एकत्र तपासले गेले, शिकवण्याच्या पद्धतीत चांगला फरक दिसला, पण कार्यक्रम मोठे झाले तसा परिणाम उतरत गेला. कोच कमी पडतात, दर्जा सांभाळता येत नाही, आणि मग नावाला कोचिंग उरतं. म्हणून सगळ्या शाळांत एकदम सुरू करण्यापेक्षा तीन-चार इच्छुक माणसांपासून करा. तुमच्या स्वतःच्या बैठकीचंही रेकॉर्डिंग समोरच्याच्या परवानगीने ठेवा आणि ऐका, तुम्ही किती बोलता आणि ते किती बोलतात, सराव किती मिनिटं झाला. दुसऱ्या कोचसोबत महिन्यातून एकदा ते तुकडे बघा.

कौशल्य बसलं असं कधी म्हणायचं? सलग तीन निरीक्षणांत, वेगवेगळ्या मुलांसोबत, आणि त्यातलं निदान एक कठीण दिवशीचं असेल, तेव्हा. मग भेटी हळूहळू विरळ करा, पंधरा दिवसांवरून महिन्यावर, आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेलं दुसरं कौशल्य काढा. पहिल्याचं एक निरीक्षण मात्र दोन-तीन महिन्यांनी जरूर करा, आकडा घसरला असेल तर एक-दोन सराव बैठका घेतल्या की बहुतेक वेळा तो परत जागेवर येतो.